कर्नलमधल्या लिंक्ड लिस्टचा कोड वाचण्याजोगा कसा करायचा: पहिला पॅच पाठवणाऱ्यांसाठी

लिनक्स कर्नलला (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) हातभार लावायचा म्हणून बसलं की नवखं माणूस आधी कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारतं, मग टॅब आणि स्पेस मोजतं, आणि तिसऱ्या आठवड्यात लिंक्ड लिस्टपाशी (पत्त्यांनी एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीपाशी) येऊन ठेपतं. मीही तशीच आले. लिस्टचा कोड कर्नलभर पसरलेला आहे, जुन्या ड्रायव्हरांमध्ये तो वेडावाकडा लिहिलेला सापडतो आणि पाहताक्षणी वाटतं, हे तर पाच मिनिटांचं काम. पॅच, म्हणजे बदलांचा तुकडा, पाच मिनिटांत झालाही. तो परत का आला हे कळायला मला चार दिवस लागले. तो किस्सा सहाव्या पायरीत सांगते.

आधी एक खुलासा. फंक्शन आणि मॅक्रोंची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट सापडतील. शोधायला अडचण येऊ नये.

काय काय लागेल

- कर्नलचा सोर्स, गिटने क्लोन केलेला. झिप फाइल उतरवून घेऊ नका, इतिहास पाहता येत नाही आणि या कामात इतिहास सतत पाहावा लागतो.
- जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, शिवाय लिबएल्फ आणि ओपनएसएसएल यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस. डिस्कवर २५-३० जीबी मोकळी ठेवा.
- कॉक्सिनेल. सी कोडमधले साचे शोधणारं हे साधन, कमांडचं नाव एसपॅच.
- क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा नकली संगणक), म्हणजे बिल्ड केलेला कर्नल स्वतःच्या लॅपटॉपची वाट न लावता चालवता येतो. त्याला किमान दोन सीपीयू द्या, कारण पुढे येईल.
- साध्या मजकुराची मेल पाठवू शकणारा पत्ता आणि गिट सेंड-ईमेल.

कागदपत्रं म्हणाल तर एकच: पॅचखालची 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ. ती लिहिलीत म्हणजे हा कोड द्यायचा अधिकार मला आहे असं तुम्ही जाहीर केलंत. नोकरीत असाल तर ऑफिसच्या वेळेत लिहिलेला कोड कोणाच्या मालकीचा, हे करारात आधी वाचून घ्या.

१. लिस्ट.एच ही फाइल सलग वाचा

इन्क्लूड/लिनक्स या फोल्डरात ती आहे. गरजेपुरतं एखादं फंक्शन शोधून बंद करू नका, चहा घेऊन बसा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. एका संध्याकाळचं काम आहे. हे न करता पॅच पाठवणारे लगेच ओळखू येतात.

कॉलेजात शिकवलेली लिस्ट म्हणजे खोका आणि खोक्यात माल. कर्नलमध्ये उलट आहे. इथे मालाच्या अंगालाच हूक शिवलेला असतो. 'लिस्ट_हेड' हे स्ट्रक्चर फक्त दोन पॉइंटरांचं, नेक्स्ट आणि प्रिव्ह. ते तुमच्या स्ट्रक्चरच्या पोटात बसतं. फिरताना आपल्या हाती लागतो तो हूक. हुकाला धरून अख्खं झबलं ओढून काढायचं काम 'कंटेनर_ऑफ' करतो: हुकाच्या पत्त्यातून, तो स्ट्रक्चरमध्ये जितक्या बाइट आत आहे तितक्या वजा. बस, एवढंच गणित आहे.

साखळी गोल आहे आणि हेड, म्हणजे साखळीची सुरुवात धरणारा हूक, स्वतःही त्या गोलात उभा असतो. त्यामुळे पहिला नोड (एंट्रीच्या, म्हणजे मालाच्या, अंगावरचा हूक) काढताना वेगळा 'इफ' लागत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ च्या टेड मुलाखतीत 'गुड टेस्ट' कशाला म्हणतात ते दाखवलं होतं, तेही नेमकं लिस्टमधून नोड काढण्याच्या उदाहरणावरून: खास प्रसंगासाठीचा 'इफ' नाहीसा होईल अशी मांडणी. त्यांचं उदाहरण एकेरी लिस्टचं आणि पॉइंटरच्या पॉइंटरचं होतं. तीच युक्ती कर्नलच्या, हॅश टेबलांसाठीच्या 'एचलिस्ट_नोड'मध्ये 'पीप्रिव्ह' या नावाने बसलेली दिसेल.

आता या सगळ्यातली मेख. हेडचा टाइप 'लिस्ट_हेड' आणि नोडचाही टाइप 'लिस्ट_हेड'. कंपायलरच्या लेखी दोघे सारखेच. कोण हेड आणि कोण नोड हे वाचणाऱ्याला कळतं ते फक्त नावावरून. कर्नल/एक्झिट.सी मध्ये ही ओळ आहे:

लिस्ट_फॉर_ईच_एंट्री(पी, &फादर->चिल्ड्रन, सिब्लिंग)

प्रत्येक प्रोसेसच्या 'टास्क_स्ट्रक्ट'मध्ये ही दोन्ही फील्ड आहेत. 'चिल्ड्रन' हा हेड, बापाने सांभाळलेला. 'सिब्लिंग' हा नोड, लेकराच्या अंगावरचा. ओळ मोठ्याने वाचा: बापाच्या चिल्ड्रनमधून फिर, प्रत्येकाला त्याच्या सिब्लिंगच्या हुकाने पकड. एकही कॉमेंट नाही, आणि गरजही नाही. आता हीच दोन फील्ड 'लिस्ट' आणि 'लिस्ट२' अशी असती तर? असे ड्रायव्हर आहेत.

२. जागा निवडताना घाई नको

शेड्युलर, मेमरी मॅनेजमेंट, नेटवर्किंगचा गाभा इथे पहिल्याच पॅचला जाऊ नका. तिथली माणसं नुसत्या क्लीनअपला वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही. ओळ बदलली की गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) जुनं कारण एक थर खाली जातं आणि जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्त्या न्यायच्या असल्या की पॅच बसत नाहीत.

ड्रायव्हर्स/स्टेजिंग हे फोल्डर मात्र अशाच कामासाठी आहे. नाहीतर तुमच्याकडे ज्याचं हार्डवेअर आहे तो ड्रायव्हर घ्या. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, कारण बदललेलं चालवून बघता येतं.

गिट ग्रेपने काय शोधायचं? 'लिस्ट_फॉर_ईच' आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत 'लिस्ट_एंट्री' अशी जोडी, '.नेक्स्ट' वर थेट टाकलेला हात. आणि 'फाउंड' नावाचे, नुसतं हो-नाही सांगणारे फ्लॅग.

३. नावं

सगळ्यात कमी दिखाऊ आणि सगळ्यात उपयोगी पायरी. हेडला अनेकवचनी किंवा साठा सुचवणारं नाव द्या: 'पेंडिंग_रिक्वेस्ट्स', 'फ्री_बफर्स'. नोडला 'नोड', 'एंट्री' किंवा कुठल्या साखळीतला ते सांगणारं नाव: 'पेंडिंग_नोड'. एकच वस्तू दोन साखळ्यांत असेल तर नुसतं 'नोड' चालणार नाही.

स्ट्रक्चरमध्ये हेडच्या शेजारी एक छोटी कॉमेंट टाका: यात काय असतं आणि कोणता लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) याला राखतो. ही एक ओळ दहा सुटसुटीत लूपांपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं मत आहे.

सापळा: 'लिस्ट_ॲड'ला आधी नवा नोड, मग हेड. उलट दिलंत तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, दोन्ही एकाच टाइपचे आहेत ना! रिझल्ट असा की तुमची जुनी साखळी हवेत तरंगते. नावं धड असतील तर ही चूक नुसत्या डोळ्यांना दिसते.

४. हाताने केलेल्या कसरतीच्या जागी नेमकं फंक्शन

नेहमी सापडणारे प्रकार:

- 'लिस्ट_फॉर_ईच' आणि आत 'लिस्ट_एंट्री' → 'लिस्ट_फॉर_ईच_एंट्री'. एक व्हेरिएबल आणि एक ओळ कमी.
- 'लिस्ट_डेल' आणि लगेच 'लिस्ट_ॲड_टेल' → 'लिस्ट_मूव्ह_टेल'. वाचणाऱ्याला 'हलवलं' हे एका शब्दात कळतं.
- 'लिस्ट_डेल' आणि मग 'इनिट_लिस्ट_हेड' → 'लिस्ट_डेल_इनिट'.
- एंट्री पहिली किंवा शेवटची आहे का हे पॉइंटर जुळवून पाहणं → 'लिस्ट_इज_फर्स्ट', 'लिस्ट_इज_लास्ट'.
- रिकामी आहे का ते पाहून, नसेल तर पहिली उचलणं, नाहीतर नल → 'लिस्ट_फर्स्ट_एंट्री_ऑर_नल'.

शेवटच्या प्रकारापाशी जरा थांबा. साधं 'लिस्ट_फर्स्ट_एंट्री' रिकाम्या लिस्टवर नल देत नाही. गोल साखळीत हेडच्या पुढे हेडच असतो, मग मॅक्रो इमानेइतबारे हेडच्याच पत्त्यातून वजाबाकी करतो आणि तुमच्या हाती कुठला तरी भलताच पत्ता ठेवतो. त्यावर 'इफ नॉट एंट्री' अशी तपासणी लावलेली दिसली तर ती तपासणी कधीच लागू होत नाही. हा क्लीनअप नव्हे, बग आहे. वेगळा पॅच करा आणि तसं स्पष्ट लिहा.

'लिस्ट_डेल' आणि 'लिस्ट_डेल_इनिट' यांची अदलाबदल 'काय फरक पडतो' म्हणून करू नका. पहिलं फंक्शन काढलेल्या नोडच्या पॉइंटरांत विष भरून ठेवतं. सिक्स्टी-फोर बिट इंटेल मशीनवर क्रॅशच्या लॉगमध्ये डी-ई-ए-डी अशा अक्षरांनी सुरू होणारा आणि १०० किंवा १२२ वर संपणारा पत्ता दिसला, तर कोणीतरी काढून टाकलेल्या नोडला हात लावलाय असं समजा. दुसरं फंक्शन नोडला स्वतःकडेच वळवतं, त्यामुळे नंतर 'लिस्ट_एम्प्टी' लावून 'हा नोड कुठल्या साखळीत आहे का' असं विचारता येतं. ड्रायव्हरात दुसरीकडे कुठे तसं विचारलंय का, ते आधी शोधा.

नावाच्या शेवटी 'आरसीयू' (लॉक न घेता वाचू देणारी पद्धत) असलेल्या फंक्शनांना सध्या हात लावू नका. 'लिस्ट_डेल_आरसीयू' आणि 'लिस्ट_ॲड_आरसीयू' ही जोडी बघून 'लिस्ट_मूव्ह' सुचेल. सुचू द्या, लिहू नका. लॉक न घेता वाचणारे त्याच क्षणी त्या नोडवर उभे असू शकतात.

हे सगळं कशासाठी, नुसत्या सुबकपणासाठी? नाही. २०११ मध्ये लिस्टच्या लूपमधली प्रीफेच सूचना (पुढची मेमरी आधीच आणून ठेव असं प्रोसेसरला सांगणारी) फायद्यापेक्षा तोट्याची ठरते असं दिसलं आणि ती मॅक्रोंमधून काढली गेली. मॅक्रो वापरणाऱ्या प्रत्येक लूपला त्याचा फायदा आपोआप मिळाला. ज्यांनी हाताने लूप लिहून आत प्रीफेच टाकला होता, ते तसेच राहिले.

५. लूप संपल्यावर कर्सरला हात लावू नका

'लिस्ट_फॉर_ईच_एंट्री' शेवटपर्यंत गेला, 'ब्रेक' झालाच नाही, तर कर्सर (लूपमधली चालू एंट्री दाखवणारा पॉइंटर) नल होत नाही. तो हेडच्या पत्त्यावरून काढलेला एक खोटा पत्ता धरून बसतो. त्याला एंट्री समजून लिहिलंत तर हेडच्या आजूबाजूची मेमरी बिघडते, आणि बिघाड दिसतो तो भलतीकडेच.

हा विषय फेब्रुवारी २०२२ मध्ये चांगलाच पेटला. सुरुवात झाली होती सुरक्षेविषयीच्या एका पॅचवरून. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं पडलं की मुळात कर्सर लूपच्या बाहेर जाहीर करावा लागतो हेच दुखणं आहे, आणि ते सी भाषेच्या जुन्या सी८९ आवृत्तीमुळे आहे. त्यातून कर्नल सी११ वर गेला. मे २०२२ मध्ये आलेली ५.१८ ही त्यानंतरची पहिली आवृत्ती. त्यामुळे साध्या 'फॉर'मध्ये आता व्हेरिएबल आत जाहीर करता येतं. 'लिस्ट_फॉर_ईच_एंट्री'चा कर्सर मात्र अजूनही बाहेरच जाहीर करायचा असतो, इथे बरेच जण फसतात.

मग लिस्टमधली एखादी एंट्री शोधायची कशी? दोन रस्ते. एक, 'फाउंड' नावाचा वेगळा पॉइंटर नलने सुरू करायचा, सापडलं की त्यात कर्सर ठेवून 'ब्रेक'. दुसरा, शोधण्याचं काम छोट्या स्टॅटिक फंक्शनमध्ये न्यायचं: सापडलं तर लूपमधूनच 'रिटर्न', लूपनंतर 'रिटर्न नल'. मी दुसरा घेते. फंक्शनला 'फाइंड_बफर_बाय_आयडी' असं नाव मिळतं, आणि मूळ ठिकाणच्या बारा ओळींची एक होते. मात्र लॉक कोण घेतो, बोलावणारा की हे फंक्शन, ते वर एका ओळीत लिहा.

६. 'सेफ' या शब्दावर विश्वास ठेवू नका

माझा पहिला पॅच. एका ड्रायव्हरात असा लूप होता: लिस्ट रिकामी नाही तोवर फिर, पहिली एंट्री घे, 'लिस्ट_डेल' कर, पुढचं काम कर. मला वाटलं, अरेच्चा, यासाठी तर 'लिस्ट_फॉर_ईच_एंट्री_सेफ' आहे! बदललं, कंपाइल झालं, व्हर्च्युअल मशीनवर चाललं, पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं (त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याचं) एका ओळीचं उत्तर: मधे लॉक सुटतो, ते पाहिलंत का?

पाहिलं नव्हतं. 'पुढचं काम कर' म्हणजे एक फंक्शन होतं, आणि त्याच्या आधी स्पिनलॉक सोडून नंतर पुन्हा घेतला जात होता. 'सेफ' प्रकार काय करतो? चालू एंट्रीच्या पुढची एंट्री आधीच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतो, म्हणजे चालू एंट्री काढली तरी वाट हरवत नाही. पण लॉक सुटलेला असताना दुसऱ्या थ्रेडने ती धरून ठेवलेली पुढचीच एंट्री काढून मोकळी केली तर? आपण मोकळ्या केलेल्या मेमरीत पाय टाकतो. जुना 'व्हाइल' दर फेरीला नव्याने पहिली एंट्री विचारत होता. दिसायला ओबडधोबड, पण बरोबर. माझ्या व्हर्च्युअल मशीनला एकच सीपीयू होता, म्हणून तिथे कधी काही बिघडलं नाही. दोन सीपीयूंचं म्हटलं होतं ते यासाठी.

दुसऱ्या आवृत्तीत मी कोडची एकही ओळ बदलली नाही. लूपच्या वर तीन ओळींची कॉमेंट टाकली: लॉक आत सुटतो, त्यामुळे दर वेळी पहिल्यापासून घ्यायचं, 'सेफ' लूप इथे चालणार नाही. तो पॅच स्वीकारला गेला.

'सेफ' हा शब्द फक्त 'चालू एंट्री तुम्ही स्वतः काढू शकता' एवढंच सांगतो. दुसऱ्या थ्रेडशी त्याचा काही संबंध नाही. उलट दिशेचा सापळाही आहे. लूपमध्ये 'लिस्ट_डेल' दिसत नाही म्हणून 'सेफ' काढून साधा लूप करायला जाल, आणि आत बोलावलेलं 'पुट' किंवा 'रिलीज' नावाचं फंक्शन तीन पायऱ्या खाली जाऊन एंट्री मोकळी करत असेल. तळापर्यंत वाचा.

७. वागणूक बदलली नाही हे दाखवा

नुसतं नाव बदललं असेल तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल सारखीच यायला हवी. स्क्रिप्ट्स फोल्डरात 'ऑब्जडिफ' आहे: आधीच्या कमिटवर रेकॉर्ड, नंतरच्या कमिटवर रेकॉर्ड, मग दोघांचा डिफ. 'वॉर्न_ऑन'सारख्या मॅक्रोंमध्ये ओळ क्रमांक साठवला जातो, त्यामुळे ओळी वरखाली झाल्या की थोडा फरक दिसेल, त्याने घाबरू नका. 'लिस्ट_मूव्ह'सारख्या बदलात मात्र खरा फरक येऊ शकतो, कारण मधलं विष भरणं गळतं. तो नीट वाचा.

कॉन्फिगमध्ये 'डीबग_लिस्ट' चालू करून बूट करा. एकच नोड दोनदा घातला किंवा दोनदा काढला की कर्नल बहुतेक वेळा तिथल्या तिथे बोंब मारतो. सोबत 'केएसॅन' (मोकळ्या केलेल्या मेमरीला लावलेला हात पकडणारं) आणि 'लॉकडेप' (लॉकच्या चुका पकडणारं) चालू ठेवलेत तर उत्तम.

'मेक कॉक्सिचेक'ही चालवा. स्क्रिप्ट्स/कॉक्सिनेल/इटरेटर्स मध्ये लूपनंतर कर्सर वापरलाय का, कर्सरची विनाकारण नल-तपासणी आहे का, असे प्रकार पकडणाऱ्या स्क्रिप्ट आहेत. या साधनाची ताकद बघायची असेल तर २०१३ च्या ३.९ आवृत्तीतला बदल काढून पाहा: 'एचलिस्ट'च्या लूपांमधला एक जास्तीचा पॅरामीटर अख्ख्या कर्नलमधून काढला गेला, बराचसा कॉक्सिनेलनेच.

केयुनिटमध्ये (कर्नलच्या चाचण्यांच्या चौकटीत) लिस्टच्या चाचण्या आहेत, पण त्या लिस्ट.एच तपासतात, तुमचा ड्रायव्हर नाही. 'सगळ्या पास झाल्या' असं पॅचमध्ये लिहिलंत तर समोरचा हसेल.

८. पॅच बांधणं आणि पाठवणं

एका पॅचमध्ये एकच गोष्ट. नावं बदलणं एक, मॅक्रो बदलणं दुसरा, सापडलेला बग तिसरा, आणि बग असेल तर तो मालिकेत सगळ्यात पुढे. क्लीनअपला 'फिक्सेस' टॅग लावू नका, स्थिर आवृत्त्या सांभाळणारे तो बग समजून उचलतात.

वर्णनात 'वाचनीयता वाढवली' एवढंच लिहू नका, ते तर सगळेच लिहितात. आधी वाचणाऱ्याला काय कळत नव्हतं आणि आता काय कळतं ते दोन वाक्यांत सांगा. लॉक तपासलात, आतली फंक्शनं वाचलीत, तर तेही लिहा. मेंटेनरचे तेवढेच श्रम वाचतात.

मग 'चेकपॅच' (कोडिंग स्टाइल तपासणारी स्क्रिप्ट) चालवा. ओळीची लांबी १०० च्या पुढे गेली की तो ओरडतो, पण कोडिंग स्टाइलच्या कागदात अजून ८० चीच पसंती आहे. चेकपॅचच्या समाधानासाठी बाजूच्या ओळी सुधारत बसू नका. 'गेट_मेंटेनर' स्क्रिप्ट कोणाला पाठवायचं ते सांगते.

पहिली मेल स्वतःलाच पाठवा आणि आलेला पॅच 'गिट एएम'ने लावून बघा. टॅबचे स्पेस झाले असतील तर इथेच कळेल. ऑफिसच्या सर्व्हरवरून पाठवाल तर तळाशी 'ही मेल गोपनीय आहे' असं आपोआप चिकटतं, आणि तसा पॅच कोणी घेत नाही. वैयक्तिक पत्ता वापरा.

उत्तर यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. नवी आवृत्ती निघाल्यानंतरच्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत (पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल आत घेण्याच्या काळात) तर क्लीनअपकडे कोणी बघतही नाही. उत्तर आलं की प्रत्येक मुद्द्याखाली त्याचं उत्तर लिहा, सगळ्यांच्या वर नव्हे. दुसऱ्या आवृत्तीच्या विषयात 'व्ही२' टाका आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही.